एकाच अँटेनातून चार बीम काढताना या चुका टाळा

फेज्ड ॲरेमधून (अनेक छोट्या अँटेना एलिमेंट्सची फेज जुळवून बीम वळवणाऱ्या अँटेनातून) एकाच वेळी अनेक बीम काढायचे म्हटलं की वाटतं, बीम फुकटात मिळतात, फक्त गणित वाढतं. रिसीव्हमध्ये हे अर्धंमुर्धं खरंय, ट्रान्समिटमध्ये अजिबात नाही.

सगळ्यात जास्त मार ट्रान्समिटमध्येच बसतो. दोन बीमच्या वेट्सची (प्रत्येक एलिमेंटला द्यायच्या ॲम्प्लिट्यूड आणि फेजची) सरळ बेरीज केली, सिम्युलेशनमध्ये 0 आणि 30 अंशाला छान बीम दिसले, आणि हार्डवेअरवर उणे 30 अंशाला तिसराच बीम उभा! कारण बेरीज केल्यावर काही एलिमेंट्सना दुप्पट ॲम्प्लिट्यूड लागतं, काहींना जवळपास शून्य, आणि रडारचा पॉवर ॲम्प्लिफायर सहसा सॅच्युरेशनमध्ये चालतो, त्याला ही चढउतार झेपत नाही, तो शेंडे छाटतो आणि ते भूत होऊन बाहेर पडतं. ओळखायचं कसं? ड्राइव्ह थोडा कमी करून बघा. मुख्य बीम 1 डीबी उतरला आणि भूत 3 डीबीच्या आसपास, तर दोष ॲम्प्लिफायरचा. दोन्ही सारखेच उतरले तर कॅलिब्रेशन (चॅनल एकमेकांशी जुळवणं) किंवा ग्रेटिंग लोब (एलिमेंट्स फार लांब असल्याने उठणारा जादा बीम) बघा. आणि हो, चार सारखे बीम म्हणजे प्रत्येकाला पाव पॉवर, 6 डीबी गेलेच, रेंजचं बजेट आधी मांडा.

रिसीव्हमध्ये सिग्नल लो नॉइज ॲम्प्लिफायरच्या आधीच चार वाटांत वाटला तर तेच 6 डीबी थेट सेन्सिटिव्हिटीतून जातात, म्हणून आधी ॲम्प्लिफाय, मग वाटणी.

बटलर मॅट्रिक्स (एकाच ॲरेतून अनेक ठरावीक बीम काढणारं ॲनालॉग नेटवर्क) लावलाय आणि शेजारचे बीम साधारण 4 डीबी खाली एकमेकांना छेदतायत, पहिला साइडलोब (मुख्य बीमच्या बाजूचा छोटा बीम) 13 डीबीच खाली आहे, तर कनेक्टर खोलत बसू नका (मी बसलोय, अख्खी दुपार गेली). तो बिघाड नाहीच. लॉस नसलेल्या नेटवर्कमध्ये बीम ऑर्थोगोनल (एकाचा सिग्नल दुसऱ्यात न मिसळणारे) असावेच लागतात, हे आकडे त्यातूनच येतात. बीम अजून जवळ आणि साइडलोबही कमी हवे असतील तर लॉस पत्करा नाहीतर डिजिटलकडे जा, म्हणजे सिग्नल सॅम्पल करून बीम गणितात बनवा.

वाइडबँडमध्ये (फ्रिक्वेन्सीचा पट्टा रुंद असताना) नुसत्या फेज शिफ्टरवर विसंबू नका, 10 गिगाहर्ट्झला 60 अंशावर लावलेला बीम 10.5 ला 55.6 वर सरकतो, तिथे टाइम डिले किंवा रॉटमन लेन्स (वाटांच्या लांबीतूनच डिले देणारं नेटवर्क) लागते.

डिजिटलमध्ये क्लॉक सांभाळा. 10 गिगाहर्ट्झ डायरेक्ट (फ्रिक्वेन्सी खाली न आणता) सॅम्पल करत असाल तर दोन चॅनलमधला 10 पिकोसेकंदांचा फरक म्हणजे 36 अंश फेज, आणि तो तापमानाबरोबर हलतो, त्यामुळे थंड असताना केलेलं कॅलिब्रेशन सिस्टिम तापल्यावर एकदा परत तपासाच.