टॅब बंद करायची धास्ती आणि तिच्यावरचे उपाय

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पानांची नावं दिसेनाशी होऊन नुसती चिन्हं उरली, की समजावं टॅब फार झाले. त्यातले हातातल्या कामाचे मोजकेच असतात. काही ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेले, आणि उरलेले ‘बंद केला तर परत सापडायचा नाही’ या धास्तीपोटी. ही धास्ती गेली तर निम्मी गर्दी आपोआप हटते. म्हणून आधी बंद झालेला टॅब परत कसा आणायचा ते बघू, बाकीचं त्यानंतर.

गेलेला टॅब परत आणणं

कंट्रोल + शिफ्ट + टी. सगळ्या शॉर्टकटमधला एकच लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड, पुढेही बहुतेक ठिकाणी तसंच, अपवाद असेल तिथे सांगितला आहे.) शेवटचा बंद केलेला टॅब परत उघडतो. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा, असं एकेक मागे जाता येतं. नुसतं पान येत नाही, त्या टॅबचा ‘मागे’ बाणाचा इतिहासही सोबत येतो; म्हणजे शोधाच्या निकालांवरून तिथे पोचला होतात, तर निकालांवर परत जाता येतं. चुकून अख्खी विंडो बंद झाली असेल, तर दुसऱ्या विंडोत हेच दाबा, सगळे टॅब एकदम येतात. चार-पाच टॅब आधीचा हवा असेल तर दाबत बसू नका. मेन्यूतल्या हिस्ट्रीखाली अलीकडे बंद केलेल्या टॅबची यादी असते, तिथून थेट उचला.

दोन गोष्टी मात्र यातून मिळत नाहीत. क्रोममधल्या इनकॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या, विंडोतला बंद केलेला टॅब असा परत येत नाही. आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर परत येईलच याची खात्री नाही. मोठं काही लिहायचं असेल तर ते दुसरीकडे लिहून मग फॉर्ममध्ये चिकटवावं.

दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडल्यावर कालचे टॅब हवे असतील तर त्यासाठी सेटिंग आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, ऑन स्टार्टअप, ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, ‘ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्स’. हे सुरू असूनही लोकांचे टॅब जातात, आणि कारण बहुधा एकच असतं: दोन विंडो उघड्या होत्या. तीस टॅबांची मोठी विंडो आधी बंद केली, मागे राहिलेली छोटी विंडो नंतर. ब्राउझरच्या लेखी ‘शेवटची विंडो’ ती छोटी, म्हणून सकाळी तेवढीच उघडते. एकाहून जास्त विंडो असतील तर फुलीवर क्लिक करत बसू नका. मेन्यूतून ‘एक्झिट’ करा. विंडोजवर फायरफॉक्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + क्यू, मॅकवर कमांड + क्यू. सगळं एकदम बंद होतं आणि एकत्रच परत येतं. घोटाळा होऊन गेला असेल, तर ब्राउझर उघडल्याबरोबर कंट्रोल + शिफ्ट + टी दाबा, बहुतेक वेळा ती मोठी विंडो हाती लागते. आधी तासभर इकडेतिकडे फिरून मग शोधायला गेलात तर ती यादीत खाली खाली जाते.

ब्राउझर कोलमडला तर पुढच्या वेळी ‘रीस्टोअर’चं बटण येतं. ते घाईत घालवू नका. घालवलंच, तर हिस्ट्रीतल्या त्याच यादीत बघा. टॅब परत आले पण सगळीकडे पुन्हा लॉगिन मागतंय, असं रोज होत असेल तर ब्राउझर बंद होताना कुकी (लॉगिन लक्षात ठेवायला साइटने ठेवलेल्या नोंदी) पुसायचं सेटिंग सुरू आहे. फायरफॉक्समध्ये बंद होताना हिस्ट्रीही पुसायला सांगितली असेल तर टॅब परत येणारच नाहीत. दोन्ही एकाच वेळी मागून चालत नाही.

उघडताना

नवा टॅब कंट्रोल + टी, बंद करायला कंट्रोल + डब्ल्यू, हे माहीत असतंच. खरा फरक पडतो तो लिंक मागच्या मागे उघडण्याने. माउसच्या चाकाने, म्हणजे मधल्या बटणाने, लिंकवर क्लिक करा किंवा कंट्रोल धरून क्लिक करा: पान मागे नव्या टॅबमध्ये उघडतं आणि तुम्ही जिथे वाचत होतात तिथेच राहता. थेट त्या टॅबवर जायचं असेल तर कंट्रोल + शिफ्ट धरून क्लिक. नुसतं शिफ्ट धरलं तर नवी विंडो. तेच चाक टॅबवर दाबलं तर टॅब बंद होतो, फुली शोधावी लागत नाही. टॅब अरुंद झाल्यावर फुली दिसतही नाही, तेव्हा याचा उपयोग कळतो.

काही ठिकाणी कंट्रोल-क्लिक करूनही पान त्याच टॅबमध्ये उघडतं किंवा काहीच होत नाही. ती गोष्ट दिसायला लिंक असली तरी खरं तर बटण असते आणि साइटच्या कोडवर चालते. अशा वेळी चालू टॅबवर राइट-क्लिक करून ‘डुप्लिकेट’ निवडा आणि त्या प्रतीत पुढे जा. बँकेच्या किंवा अर्ज भरण्याच्या साइटवर मात्र हे टाळा. एकच सत्र दोन टॅबमध्ये दिसलं की अशा बऱ्याच साइट सरळ बाहेर काढतात.

अ‍ॅड्रेस बारमध्ये काही टाइप केल्यावर नुसत्या एंटरऐवजी ऑल्ट + एंटर दाबलं (मॅकवर बहुतेक ठिकाणी ऑप्शन नाहीतर कमांड + एंटर), तर निकाल नव्या टॅबमध्ये येतो आणि समोरचं पान शाबूत राहतं.

हवा तो टॅब सापडणं

कंट्रोल + १ ते ८ म्हणजे डावीकडून त्या क्रमांकाचा टॅब. कंट्रोल + ९ म्हणजे नववा नव्हे, सर्वांत शेवटचा. लिनक्सवर फायरफॉक्समध्ये इथे कंट्रोलऐवजी ऑल्ट. कंट्रोल + टॅब की ने पुढच्या टॅबवर, शिफ्ट जोडून मागच्या. मॅकवरही इथे कंट्रोलच. क्रोम पट्टीतल्या क्रमाने पुढे सरकतो. फायरफॉक्समध्ये मात्र ‘अलीकडे वापरलेल्या क्रमाने’ जायचं सेटिंग असतं. दोन पानं ताडून बघताना हा क्रम फार सोयीचा, कारण एकदा दाबलं की दुसरं, पुन्हा दाबलं की पहिलं. ज्यांना पट्टीतला क्रमच हवा त्यांनी सेटिंग्ज, जनरलमधली ती खूण काढावी.

टॅब वीसच्या वर गेले की मोजत जाण्यात अर्थ नाही, शोधावं. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ए दाबा, यादी उघडते, नावातली दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर. सगळ्या विंडोंमधले टॅब त्यात असतात. फायरफॉक्समध्ये हेच दाबलं तर अ‍ॅड-ऑनचं पान उघडतं. तिथे अ‍ॅड्रेस बारमध्ये % टाइप करून एक स्पेस द्या, मग शब्द. अ‍ॅड्रेस बारच्या सूचनांमध्ये ‘स्विच टू टॅब’ असं दिसलं तर तीच सूचना निवडायची सवय लावा. एकच पान चार ठिकाणी उघडं असतं ते या सूचनेकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

टॅब जागेवरून हलवायला कंट्रोल + शिफ्ट + पेज अप किंवा पेज डाउन, मॅकवरही कंट्रोलच. अनेक टॅब एकत्र निवडायचे तर कंट्रोल धरून एकेकावर क्लिक, सलग हवे तर पहिल्यावर क्लिक आणि शिफ्ट धरून शेवटच्यावर. निवडलेला गठ्ठा पट्टीबाहेर ओढला की त्याची वेगळी विंडो होते.

पिन आणि ग्रुप

दिवसभर लागणारी पानं, मेल, कॅलेंडर वगैरे, राइट-क्लिक करून ‘पिन’ करावीत. टॅब आक्रसून डाव्या टोकाला बसतो आणि फुली नाहीशी होते. तीन-चारच्या वर पिन करू नयेत, नाहीतर नुसत्या चिन्हांवरून ओळखण्याची तीच कटकट. पिन केलेले टॅब असलेली विंडो शेवटी बंद करावी. कारण वर आलंच.

ग्रुप क्रोममध्ये २०२० साली आले, सफारीत २०२१ मध्ये, फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये. टॅबवर राइट-क्लिक, ‘अ‍ॅड टॅब टू न्यू ग्रुप’, मग नाव आणि रंग. ग्रुपच्या नावावर क्लिक केलं की तो मिटतो. नाव कामाचं द्या, प्रकाराचं नको. ‘घरभाडे करार’ हा ग्रुप काम संपलं की बंद करता येतो. ‘वाचन’ नावाचा ग्रुप कधीच संपत नाही. ग्रुपच्या मेन्यूत तीन वेगळ्या गोष्टी असतात. ‘अनग्रुप’ने टॅब राहतात आणि फक्त कुंपण जातं, ‘क्लोज’ने जतन केलेला ग्रुप नंतर पुन्हा उघडता येतो, ‘डिलीट’ने तो कायमचा जातो. घाईत तिसरं निवडलं जातं. ग्रुप मिटल्याने मेमरी लगेच मोकळी होत नाही, एवढंही ध्यानात ठेवा. डोळ्यांसमोरून गेला इतकंच.

नावं वाचता यावीत एवढीच अडचण असेल तर टॅब उभे लावा. एजमध्ये ही सोय २०२१ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२५ पासून. रुंद पडद्यावर बाजूची जागा नाहीतरी वायाच जात असते.

मेमरी, झोपलेले टॅब आणि त्यातून होणारे घोळ

क्रोम २००८ साली आला तेव्हापासून टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र प्रोग्रॅमसारखे, चालवले जातात. एक पान कोसळलं तर बाकीची वाचतात, पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. कोणता टॅब किती खातोय ते बघायला शिफ्ट + एस्केप दाबा. विंडोजवर क्रोममध्ये टास्क मॅनेजर उघडतो, फायरफॉक्समध्ये प्रोसेसची यादी. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा, वरचे दोन-तीन गुन्हेगार लगेच सापडतात. ‘एंड प्रोसेस’ करण्याआधी नीट बघा. एकाच साइटचे अनेक टॅब कधी कधी एकाच प्रोसेसमध्ये असतात, मग एकासोबत सगळे जातात.

हा भार हलका करायला ब्राउझर न वापरलेले टॅब झोपवतात. क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स, ‘मेमरी सेव्हर’. एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्स’. मेमरी सेव्हरने झोपवलेला टॅब पट्टीत दिसतो, पण त्यातलं पान मेमरीतून काढलेलं असतं. क्लिक केलं की ते इंटरनेटवरून पुन्हा आणलं जातं. इथेच घोळ होतो. प्रवासात वाचू म्हणून दहा लेख उघडून ठेवले, वाटेत नेट गेलं, तर झोपलेला एकही उघडत नाही. असे लेख पीडीएफ म्हणून जतन करावेत. पान पुन्हा आणताना लांबलचक यादीत तुम्ही कुठे होतात ते हरवू शकतं, लॉगिनची मुदतही संपलेली असू शकते.

आवाज किंवा व्हिडिओ चालू असलेला, डाउनलोड चालू असलेला, अर्धवट भरलेला फॉर्म असलेला आणि पिन केलेला टॅब क्रोम सहसा झोपवत नाही. तरीही एखादी साइट सतत जागी हवी असेल तर परफॉर्मन्समध्येच ‘ऑलवेज कीप दीज साइट्स अ‍ॅक्टिव्ह’च्या यादीत तिचा पत्ता घाला.

झोपवलेला नसला तरी मागे पडलेला टॅब पूर्ण वेगाने चालत नाही. क्रोममध्ये जानेवारी २०२१ पासून, टॅब पाच मिनिटांहून जास्त मागे राहिला आणि त्यात आवाज वगैरे नसेल, तर त्यातले टायमर मिनिटाला एकदाच तपासले जातात. म्हणून मागच्या टॅबमधलं उलटं घड्याळ चुकीचं दिसतं, आपोआप ताजं होणारं पान शिळं राहतं. रांगेतला नंबर किंवा परीक्षेची वेळ बघायची असेल तर तो टॅब स्वतंत्र विंडोत काढून नजरेसमोर ठेवा.

जुन्या टॅबमध्ये पासवर्ड टाकू नका

मागे राहिलेलं पान स्वतःचं चिन्ह, नाव आणि रूप बदलू शकतं. तुम्ही परतता तेव्हा तिथे मेलचं लॉगिन दिसतं आणि ‘मुदत संपली असेल’ असं वाटून पासवर्ड टाकला जातो. डिझायनर एझा रॅस्किन यांनी २०१० मध्ये ही फसवणूक दाखवून तिला ‘टॅबनॅबिंग’ म्हटलं. उपाय साधा: परतून आलेल्या टॅबने पासवर्ड मागितला तर तो बंद करा, नवा टॅब उघडा आणि पत्ता स्वतः टाका किंवा बुकमार्कवरून जा.

एकदम आवरायचं असेल तेव्हा

आज खरोखर लागणारे टॅब डावीकडे ओढून आणा. त्यातल्या शेवटच्यावर राइट-क्लिक, ‘क्लोज टॅब्स टू द राइट’. हात धजत नसेल तर आधी कंट्रोल + शिफ्ट + डी दाबा. विंडोतले सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात. फोल्डरला तारखेचं नाव द्या. महिन्याभरात तो उघडला नाही तर बेलाशक उडवा. कुठून तरी आवाज येत असेल तर भोंग्याचं चिन्ह असलेला टॅब शोधा. क्रोममध्ये राइट-क्लिक करून ‘म्यूट साइट’, फायरफॉक्समध्ये त्या चिन्हावरच क्लिक.

फोनवर

फोनवर पट्टी नसते, त्यामुळे टॅब साचतात ते कळतच नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये शंभरी गाठली की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो. आयफोनवर सफारी एका ग्रुपमध्ये ५०० टॅबपर्यंत जाऊ देते. तिथे सेटिंग्जमध्ये सफारीखाली ‘क्लोज टॅब्स’ आहे: एक दिवस, एक आठवडा किंवा एक महिना न बघितलेले टॅब आपोआप बंद होतात. एक महिना निवडावा. एका दिवसाने कालचं अर्धवट कामही जातं. दोन्हींकडे अ‍ॅड्रेस बारवर बोट आडवं फिरवलं की शेजारच्या टॅबवर जाता येतं. सफारीत टॅबच्या बटणावर बोट दाबून धरलं की सगळे टॅब एकदम बंद करायचा पर्याय येतो. तो वापरण्याआधी कोणत्या ग्रुपमध्ये आहात ते वरच्या नावावरून तपासा, कारण बंद होतात ते फक्त त्याच ग्रुपमधले.