कोणीच न बोलावणारं फंक्शन

जुना सी कोड गळ्यात पडला. लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले. बिलात पैशांचा फरक येत होता. रक्कम राउंड करणारं फंक्शन सापडलं, पण त्याला कॉल कोण करतं, म्हणजे ते चालवतं कोण? कोड धुंडाळणाऱ्या सीस्कोप नावाच्या टूलचं उत्तर : कोणीच नाही. निरुपयोगी समजून उडवणारच होतो!

मग सीस्कोपमध्येच कॉल करणारे न शोधता नुसतं नाव शोधलं. एका स्ट्रक्टच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) तक्त्यात ते बसवलेलं निघालं. म्हणजे कॉल फंक्शन पॉइंटरमधून : थेट नावानं नाही, तर साठवलेल्या पत्त्यावरून. सीस्कोप नुसता मजकूर वाचतो, त्याला हे जुळवता येत नाही. जीडीबी या डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून प्रोग्राम त्या फंक्शनवर थांबवला आणि बॅकट्रेस (कोणी कोणाला कॉल केला याची यादी) घेतला, तर अख्खी साखळी समोर. राउंडिंग दोनदा होत होतं. एक ओळ काढली. ती कुणी घातली, हे मात्र कुठली ओळ कुणाची ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमलाही सांगता येईना : सगळा कोड एकाच कमिटमध्ये (गिटमधल्या नोंदीत) ओतलेला.