केबिनचा दिवा: बल्ब बदलण्याआधी मीटर लावा

आयटीआय करून उद्यमनगरातल्या गॅरेजात हेल्पर म्हणून लागलात की छताच्या दिव्याचं काम लवकरच वाट्याला येतं. नवा मुलगा आधी बल्ब बदलतो, मग फ्यूज, आणि तरीही दिवा लागला नाही की गोंधळतो. म्हणून कव्हर उघडण्याआधी दिव्यावरचा स्विच ‘ऑन’वर टाकून बघा. तिथं दिवा लागला तर बल्ब, फ्यूज, सप्लाय ठीक. दोष दाराच्या बाजूला. नाही लागला तर रेडिओ आणि घड्याळ चालतंय का बघा. बऱ्याच गाड्यांत या सगळ्यांना मिळून एकच १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो.

कव्हर प्लास्टिकच्या पट्टीनं, खाचेतूनच उचकटा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर होल्डरच्या पत्रीला आणि बॉडीला एकदम टेकला की तो फ्यूज तुमच्या हातानंच उडतो. छताच्या कडेनं कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर तिच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटरची पिन लावायची नाही.

आता मुख्य गोष्ट. साध्या वायरिंगच्या पुष्कळ गाड्यांत पॉझिटिव्ह दिव्यापर्यंत कायम आलेला असतो आणि दाराचा स्विच अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वाट, जोडतो. म्हणून दार उघडं, दिव्याचा स्विच ‘डोअर’वर आणि बल्ब जागेवरच ठेवून मोजा. मीटरची काळी पिन चांगल्या बॉडी अर्थवर, लाल पिन आधी बल्बच्या एका टोकाला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे शून्य आलं तर सप्लाय तुटलाय. एकीकडे साधारण १२.५ व्होल्ट आणि दुसरीकडे शून्य, तरी अंधार, तर बहुतेक बल्ब गेलाय; बाहेर काढून कंटिन्युइटी, म्हणजे आतली तार अखंड आहे का, बघा. दोन्हीकडे १२.५ आलं तर बल्ब शाबूत आहे, अर्थिंग मिळत नाही. बल्ब काढून मोजलं तर हा तिसरा दोष दिसतच नाही, आणि नव्या मुलांचा तास इथंच जातो. दिवा मंद लागत असेल तर अर्थिंगच्या टोकाला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसतंय का बघा.

अर्थिंग नसेल तर दाराच्या खांबावरचा दट्ट्याचा स्विच खोला. एकच वायर असलेल्या स्विचला अर्थिंग त्याच्या स्क्रूमधूनच मिळतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या स्क्रूखाली गंज धरतो. वडापच्या, म्हणजे शेअर प्रवासी, गाड्यांत दार दिवसभर उघडझाप होऊन दट्ट्याच झिजतो. पॉलिश पेपरनं घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि वायर आत सटकू नये म्हणून स्विच काढताच तिला गाठ मारा.

बल्ब घेताना जुना मापून घ्या. फेस्टून, म्हणजे दोन्ही टोकांना टोपी असलेला नळीसारखा बल्ब, ३१, ३६, ४१ मिलिमीटर अशा लांबीत येतो. आखूड बल्ब पत्र्या वाकवून बसवला तर खड्ड्यात दिवा मिचमिचतो. ५ वॅटच्या जागी १० वॅटचा घातला तर कव्हर पिवळं पडून वितळतं. एलईडी लागला नाही तर आधी उलटा करून बघा, त्याला दिशा असते.

नव्या गाड्यांत दाराचा स्विच लॉकच्या आत असतो आणि दिवा बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गाडीतला छोटा कॉम्प्युटर) चालवतो. तिथं वायरला टेस्ट लॅम्प लावू नका, मीटरच वापरा. दार उघडं ठेवून ‘बंद’ भासवायचं असेल तर लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरनं टकटक वाजेपर्यंत फिरवा. काम झालं की हँडल ओढून ती सोडवा. तशीच राहिली आणि दार आपटलं तर लॉक मोडतं.

‘बॅटरी उतरते’ अशी तक्रार आली तर डिकीचा दिवा विसरू नका. ५ वॅटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो. तीन दिवस गाडी उभी राहिली तर २९ अँपिअर-तास गेले, आणि लहान गाडीची बॅटरी ३५ची असते. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवा, झाकण लावा, मिनिटभरानं काढून बघा. दिवा थोडा वेळ थांबून विझणारा असेल तर आणखी वेळ द्या.