रिकाम्या पोटी किती गर्दी! गोळ्या, काढे आणि रस घेताना या चुका टाळा

सकाळी सात वाजता आपल्या घरातल्या माणसाचं पोट म्हणजे दादर स्टेशनचा पूल झालेला असतो. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, भिजवलेल्या मेथीचं पाणी रिकाम्या पोटी, लिंबू-मध रिकाम्या पोटी, दुधीचा रस तर रिकाम्या पोटीच. आणि हे सगळं उरकायचं कशासाठी, तर चहाला उशीर होऊ नये म्हणून. मी २२ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. "हे घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. "कशाबरोबर घेऊ, किती घेऊ, कधी थांबवू?" असं विचारणारं गिऱ्हाईक आठवड्यातून एखादं. माझ्या पाहण्यातले बहुतेक घोटाळे या न विचारलेल्या प्रश्नांतूनच झालेले आहेत.

थायरॉइडची गोळी एकटीच घ्या

ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तिच्यापासून किमान ४ तास लांब ठेवायची, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. ही खनिजं पोटातच थायरॉइडच्या औषधाला धरून बसतात, मग ते रक्तात पोचतच नाही.

आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंचा डोस वर्षभरात ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ आणि ७५ वरून १०० वर गेला होता, तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, औषध कमी पडलं की तो चढा राहतो) खाली यायला तयार नाही. बोलता बोलता कळलं, विसरायला नको म्हणून त्या कॅल्शियमची गोळी त्याच घोटाबरोबर घेत होत्या. डॉक्टरांना विचारून त्यांनी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली. पुढच्या तपासणीत टीएसएच इतका खाली आला की थायरॉइडचा डोस कमी करावा लागला.

थायरॉइडच्या तपासणीलाच फसवणारी आणखी एक वस्तू आहे, केसांसाठीची बायोटिनची गोळी किंवा गमी. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, आणि बाटलीवर ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. काही प्रयोगशाळांच्या चाचणी-पद्धतीत बायोटिनच वापरलेलं असल्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन त्यात ढवळाढवळ करतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट थायरॉइड वाढल्यासारखा येतो. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही यामुळे चुकीने कमी दिसू शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि आपण ते घेतो हे लॅबमध्ये सांगा. केस तेवढ्यात गळून जात नाहीत.

"बीट खाते, तरी हिमोग्लोबिन वाढत नाही"

बीट लाल असतं म्हणून ते रक्त वाढवतं, हा हिशेब रंगावरून केलेला आहे. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. बीट जरूर खा, कोशिंबीर छान होते. पण हिमोग्लोबिन ८ असेल तर तो खड्डा कोशिंबिरीने भरत नाही.

मग रक्तवाढीची गोळी सुरू होते, आणि तिथे चहा आडवा येतो. चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात. जेवणाबरोबर किंवा जेवून उठल्या उठल्या चहा घेतला तर डाळ-भाजीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली जातं. दूध आणि कॅल्शियमही लोहाच्या वाटेत येतात. म्हणून "गोळी गरम पडते" म्हणत ती दुधाबरोबर घेणं म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने सांडायचं. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा-दूध नको; लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. पोटात कळ येत असेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, पण गोळी कपाटात पडून राहण्यापेक्षा ते बरं. शौचाला काळं होतं, त्यानेही अनेक जण घाबरून गोळी सोडतात. ते लोहामुळेच असतं. मात्र डांबरासारखं चिकट, फार घाण वासाचं होत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तेव्हा लगेच दाखवा.

दोन-दोन गोळ्या घेऊन लवकर रक्त वाढवू पाहणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते आतड्याला सांगतं, बास, आता दार लावून घे. हे दार साधारण दिवसभर अर्धवट मिटलेलं राहतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांवर पाहिलं, तर तेवढ्याच गोळ्या एक दिवस आड दिल्यावर एकूण लोह जास्त शोषलं गेलं. हल्ली काही डॉक्टर एकाआड एक दिवस गोळी लिहितात ती यामुळे, कंजूषपणा नव्हे. गरोदर बायकांनी मात्र स्वतःच्या मनाने असा बदल करू नये.

आणि हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी बंद, ही सर्वांत जुनी चूक. रक्त भरलं तरी साठा अजून रिकामाच असतो, तो भरायला साधारण ३ महिने आणखी लागतात. मध्येच सोडलेली गोळी सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायला येणाऱ्या बायका मी चेहऱ्याने ओळखतो.

डीची पावडर: रविवारची वस्तू रोज घेऊ नका

या चुकीला मी सर्वांत जास्त भितो, कारण पाकीट दिसायला इलेक्ट्रॉलसारखं असतं आणि चव बरी लागते. त्या छोट्या पाकिटात ६०,००० युनिट ड जीवनसत्त्व असतं. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली तर एका पाकिटात १०० दिवसांचा शिधा. डॉक्टर सहसा आठवड्याला एक, असे आठ आठवडे देतात. घरी ते "रात्री जेवल्यावर एक" एवढंच लक्षात राहतं, आणि आठ पाकिटं आठ दिवसांत संपतात. मग "बरं वाटलं" म्हणून आणखी दहा.

क जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. ड चरबीत साठून राहतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवत नेतं. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, गळून जाणं, म्हाताऱ्या माणसात एकदम घोळ घालून बोलणं अशी त्याची लक्षणं. पुढे मुतखडा आणि मूत्रपिंडाला इजा. लक्षणं इतकी साधी की घरातले त्यावर लिंबूपाणी देत बसतात. रोज घेतलं गेलं असेल तर पावडर आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही थांबवा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्यायला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मी पाकिटावर मार्करने वार लिहून देतो आणि सांगतो, कॅलेंडरवर आठ रविवारांना गोल करा. पाकीट दुधात घालून किंवा नीट जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी नको. या जीवनसत्त्वाला शोषलं जायला थोडा स्निग्धांश लागतो.

कोवळ्या उन्हाचंही एक सांगायला हवं. कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, पण ड तयार करणारे किरण त्यात फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, साधारण ११ ते २ चं. काचेच्या खिडकीआड बसून उपयोग नाही, ते किरण काच अडवते.

मुंग्या येतात म्हणून कुठलीही बी

बी-१२ ची कमतरता आपल्याकडे घराघरात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहार हे त्याचं मोठं कारण. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असणं आणि पित्ताची गोळी रोजच्या चहासारखी घेणं, ही त्यात भर घालणारी आणखी दोन कारणं. स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीच्या डब्यावर बी-१२ लिहिलेलं असतं, पण त्यातला बहुतांश भाग आपल्या शरीराच्या उपयोगाचा नसतो.

पायाला मुंग्या आल्या की लोक आधी इंजेक्शन टोचून घेतात आणि मग रक्त तपासतात. आकडा भरघोस येतो, "बघा, नॉर्मल आहे" म्हणून खरं कारण शोधायचं राहून जातं. तपासणी आधी, सुई नंतर. बी-१२ कमी असताना फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आणि मुंग्यांसाठी भरमसाट बी-६ असलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर त्या बी-६ मुळेच मुंग्या येतात. असं गिऱ्हाईक मग डोस वाढवून मागतं.

कडू रस गिळू नका

दुधी, काकडी, दोडका ही एकाच कुळातली भावंडं. त्यांत कधी कधी कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि फळ कडूजहर लागतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू रस प्यायल्यावर मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यातही एका महिलेचा असाच मृत्यू झाला. या विषावर उतारा नाही. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं हे काही तासांत होतं.

आपल्या आज्या काकडी चिरण्याआधी टोकाचा तुकडा जिभेला लावून बघायच्या. तीच सवय दुधीला लावा: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू वाटला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. शिजवून कडूपणा जाईल यावर विसंबू नका. "औषध कडूच असतं" म्हणून नाक दाबून ग्लास संपवणारे लोक आहेत, आणि घोटाळा नेमका त्या म्हणीत आहे. आलं-पुदिना-मध घालून कडूपणा झाकणारे तर जिभेलाच गप्प करतात. दुधी, कारलं, आवळा एकत्र करून रस काढू नका, कारण कारल्यामागे दुधीचा कडूपणा लपतो.

मधुमेहाची गोळी चालू असताना कारल्याचा रस आणि मेथी एकदम सुरू केली तर साखर खाली घसरू शकते. सुरू करायचीच तर डॉक्टरांना सांगून, आणि साखर मोजत.

गुळवेलीचंही थोडं. करोनाच्या काळात लोकांनी महिनोन् महिने रोज काढे प्यायले. त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नक्की कोणती होती यावरही वाद झाला. तो वाद तज्ज्ञांचा. तुमच्यासाठी एवढंच: कुंपणावरची वेल ओळखीवर तोडून वापरू नका, यकृताचा किंवा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार असेल तर लांब राहा, आणि लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले की काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा.

भराभर

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर विचारल्याशिवाय नको. सैंधवात पाकिटावर लिहिलेलं नसेल तर आयोडीन नाही असंच धरा. इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर आणि लगेच. घोटभर पाण्यात ते घशात फुगून बसतं.

पिशवी उलटी करा

डॉक्टर "काही औषधं चालू आहेत का?" विचारतात तेव्हा लोक फक्त चिठ्ठीवरची सांगतात. चूर्ण, रस, गमी ही त्यांच्या लेखी औषधं नसतातच. म्हणून मी सांगतो, घरात जे जे घेता ते सगळं एका पिशवीत भरून न्या.

मागच्या पावसाळ्यात एका आजोबांनी ती पिशवी माझ्याच काउंटरवर ओतली. १४ वस्तू. त्यातली दोन बी-कॉम्प्लेक्स एकच होती, फक्त नावं निराळी. एक बिनलेबलची सांधेदुखीची पुडी होती, जिने म्हणे दोन दिवसांत गुडघा मोकळा केला. असा झटपट गुण आला की मला स्टेरॉइडची शंका येते. आजोबांचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, साखरही वाढली होती. त्यांना ती पुडी एकदम बंद न करता पुडीसकट डॉक्टरांकडे पाठवलं, कारण जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड झटक्यात सोडणंही धोक्याचं असतं.

बाकीच्या वस्तू परत पिशवीत भरताना आजोबा म्हणाले, "ही मुलीने पाठवलेली, ही शेजारच्या काकांना लागू पडलेली. आणि ही बाटली कशाची ते आठवत नाही, पण संपत आलीय, तर एक नवीन द्या."