पेंटॅक्स के१००० चं मीटर हलत नाही? आधी सेलची वायर बघा

पेंटॅक्स के१००० म्हणजे १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत राहिलेला कॅमेरा, त्यामुळे जुन्या बाजारात अजूनही मिळतो आणि विकणारा हमखास म्हणतो, "मीटर गेलंय, बाकी एकदम ओके". भाव पाडायला हे बरंच आहे, कारण बऱ्याचदा मीटर (प्रकाश मोजणारं यंत्र, ज्याचा काटा कॅमेऱ्याला डोळा लावला की दिसतो) ठणठणीत असतं, फक्त सेल आत लीक होऊन वायर खाल्लेली असते.

आधी नवीन एलआर४४ (बटणासारखा छोटा सेल) घाला, लेन्सचं झाकण काढा, खिडकीकडे धरा. काटा ढिम्म असेल तर सेलचं झाकण आणि त्याचे आटे व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा (लीक झालेला माल अल्कली असतो, म्हणून व्हिनेगर), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. आटे साफ हवेतच, कारण एक बाजू झाकणातून थेट बॉडीला अर्थ होते.

तरी नाही? मग खालची प्लेट उघडा. स्क्रू जेआयएस म्हणजे जपानी मापाचे आहेत, साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घातलात की डोकं गुळगुळीत होणार आणि मग बसा रडत. सेलच्या खोबणीतल्या पत्र्याला मागून एक बारीक वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली दिसेल. आता सेलला दोन क्लिपवाल्या वायरी लावून, सेल जसा बसतो त्याच दिशेने, एक बॉडीच्या उघड्या धातूला आणि दुसरी त्या डागाला टेकवा. काटा उडाला तर पत्राच घाण आहे, घासा आणि मोकळे व्हा. नाही उडाला तर दोष वायरीत नाहीतर वर मीटरकडे.

वायर बाहेरून चांगली दिसते म्हणून फसू नका. प्लास्टिक जरा सोला, आतली तार काळी पडलेली असेल तर तिच्यावर सोल्डर धरतच नाही, कितीही फ्लक्स (सोल्डर चिकटायला लावतात ती पेस्ट) लावा, गोळी होऊन घरंगळतं. लीक झालेलं पाणी प्लास्टिकच्या आतून वर चढत जातं, म्हणून लालसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत थोडी थोडी कापत जा. खालीच चांगली तार लागली तर तिथे नवा तुकडा जोडा आणि जोडावर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी), पण ती आधी वायरीत ओवून ठेवा, नंतर घालता येत नाही. वरपर्यंत काळीच असेल तर वरचं कव्हर काढून पूर्ण वायर बदलावी लागते, ते काम जरा निवांत वेळ काढून.

सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची, टोक बारीक. नवीन वायरीला आधीच कथील चढवून घ्या म्हणजे पत्र्यावर दोन सेकंदांत काम होतं, जास्त टेकवलंत तर खालचं इन्सुलेशन वितळतं आणि पत्रा बॉडीला शॉर्ट. प्लेट लावण्याआधी मल्टिमीटरवर पत्रा ते बॉडी थेट बीप येत नाही ना बघा, आणि वायर फिल्म ओढायच्या गिअरमध्ये अडकत नाही ना तेही.

या कॅमेऱ्याला मीटरचा स्विच नाही, वापरून झाला की लेन्सला झाकण लावा. महिनाभर कपाटात राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा.