राइट()ने किती बाइट घेतले, ते आधी बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी मी प्रोग्राम लिहिला, तेव्हा सी भाषा आणि सॉकेट (नेटवर डेटा पाठवायचं-घ्यायचं प्रोग्रामचं टोक) बऱ्यापैकी येत होतं. काट्यावरून आलेलं वजन बोर्डावर दाखवायचं आणि प्रत्येक गाडीच्या फोटोसकट सर्व्हरला पाठवायचं, एवढंच काम. ऐन कापसाच्या हंगामात, फाटकाबाहेर बंड्यांची रांग लागलेली असताना नेट मंदावलं. काट्यावरचे काका म्हणाले, "बाबू, बंडी कवाचीच उतरली, आकडा काऊन हालत नाही?"

सॉकेटवर लिहिलेलं आधी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जातं. नेट अडलं की बफर भरतो, आणि जागा होईपर्यंत राइट(), म्हणजे लिहिणारं फंक्शन, परतच येत नाही. आमचं सगळं एकाच थ्रेडवर (एकामागून एक कामं करणाऱ्या एकाच धाग्यावर), म्हणून काटा वाचणंही थांबलं.

एफसीएनटीएल() या फंक्शनने सॉकेटला ओ_नॉनब्लॉक, म्हणजे 'अडून थांबू नको' ही खूण लावली, आकडा हलू लागला. पण सर्व्हरवर फोटो अर्धवट पोचायला लागले. नवीन मुलं नेमकी इथेच अडकतात, म्हणून हे नीट सांगतो. नॉनब्लॉकिंग राइट() जागा असेल तेवढेच बाइट घेतं आणि तो आकडा परत देतं. जागाच नसेल तर उणे एक, आणि एररनो या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ईअगेन. ही चूक नव्हे, 'नंतर या' असा निरोप आहे. उरलेले बाइट सांभाळणं आपलं काम. ते आपल्या रांगेत ठेवा आणि पोल() या वाट पाहणाऱ्या फंक्शनला पोलआउट, म्हणजे 'लिहायला जागा झाली का', ते विचारा. रांग रिकामी झाली की विचारणं बंद करा. सॉकेट बहुतेक वेळ लिहायला मोकळंच असतं, मग पोल() लगेच परतत राहतं आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो.

रांगेला मर्यादा हवीच. बोर्डावरचा जुना आकडा टाकून दिला तरी चालतो. पावतीचं वजन मात्र शेतकऱ्याच्या पैशाचं आहे, ते मी आधी डिस्कवर लिहितो. तेही वेगळ्या थ्रेडवर, कारण साध्या फाइलवर ओ_नॉनब्लॉकचा काही उपयोग होत नाही. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) हेच राइट()चं फॉल्स उत्तर ('आता थांबा') आणि ड्रेन इव्हेंट ('रांग रिकामी झाली') या रूपात भेटतं.

सरावाला सर्व्हर लागत नाही, गावात नेट नसलं तरी चालतं. लिनक्सवर एक पाइप (एका टोकाने लिहायची, दुसऱ्याने वाचायची नळी) उघडा, लिहिण्याचं टोक नॉनब्लॉकिंग करा, वाचणारं टोक उघडं ठेवून वाचू मात्र नका. एकदम 1,00,000 बाइट लिहायला सांगा. साधारण मशीनवर उत्तर येईल 65,536. उरलेले 34,464 कुठे ठेवायचे, तो कोड तिथूनच लिहायला घ्या.