टर्बोसाठी ब्लॉक मजबूत करताय? या चुका टाळा

बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवल्यावर ब्लॉक गेला म्हणून आलेलं इंजिन उघडलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट समोर येते: ब्लॉक मुळात कच्चा नव्हता. मजबूत करताना कुणीतरी त्याचं माप बिघडवलेलं असतं, नाहीतर नॉकिंगकडे, म्हणजे इंधन आपोआप पेटून बसणाऱ्या हादऱ्यांकडे, कानाडोळा करून तो फोडलेला असतो. इंदुरात जुन्या जिप्सी-एस्टीमला टर्बो लावणारे आहेत, ऑक्टाव्हियाला मोठा टर्बो चढवणारे आहेत, आणि चुका दोघांच्याही त्याच. हे लिखाण ट्रॅक आणि रॅलीच्या गाड्यांसाठी आहे. रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे, ते आधी समजून घ्या.

भाराचा अंदाज असावा म्हणून एक हिशेब. ७४ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) पिस्टनचं क्षेत्रफळ ४३ चौ. सेंमी. सिलिंडरमध्ये १०० बार दाब आला की पिस्टनवर आणि तितकाच हेडवर सुमारे ४.४ टन जोर येतो, प्रत्येक पॉवर स्ट्रोकला. वरून हेड उचललं जाऊ पाहतं, खालून क्रँक त्याला धरणाऱ्या मेन कॅपना ढकलतो, आणि तिरका कनेक्टिंग रॉड पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर दाबतो. प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे. आपलं इंजिन यातल्या कुठल्या जागी कमी पडतंय हे ठरवल्याशिवाय सामान मागवू नका.

भिंतीची जाडी न मोजता बोअर मारणं

टर्बो लावायचा म्हणून मोठा पिस्टन, हा विचारच उलटा आहे. बोअर ०.५० मिमीने वाढवला की भिंत प्रत्येक बाजूने ०.२५ मिमी पातळ होते, आणि १ मिमी ओव्हरसाइजमध्ये अर्धा मिमी बीड निघून जातं. सीसी वाढून जो फायदा होतो तो बूस्टच्या एका टप्प्यात मिळतो, गेलेलं बीड परत येत नाही. बोअर साफ होईल तेवढंच कापा.

अल्ट्रासोनिक जाडीमापकाने प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली आणि चारही बाजूंना मोजा. पीथमपूरकडे कास्टिंग तपासणाऱ्यांकडे हे यंत्र असतं. यंत्र पोलादाच्या वेगावर, म्हणजे सेकंदाला साधारण ५,९०० मीटरवर, ठेवून बिडाचा ब्लॉक मोजला तर जाडी फुगून दिसते, कारण बिडात ध्वनी हळू जातो. ४ मिमीची भिंत ५ मिमी दाखवली जाते आणि त्या भरवशावर माणूस बोअर मारतो. त्याच ब्लॉकची एखादी उघडी कड कॅलिपरने मोजा, यंत्र तिच्याशी जुळवा, मग पुढे जा. जोराच्या बाजूला, म्हणजे पिस्टन दाबला जातो त्या भिंतीला, ५ मिमीपेक्षा कमी भरलं तर मी तो ब्लॉक जास्त बूस्टसाठी घेत नाही, दुसरा शोधायला सांगतो.

वॉटर जॅकेटमध्ये सिमेंट भरणं

या चुकीने सर्वांत जास्त ब्लॉक गेलेत. वॉटर जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी, भरून ब्लॉक ताठ करण्याची पद्धत खरी आहे, ड्रॅग रेसिंगमध्ये ती जुनी आहे. पण तिथे गाडी काही सेकंद पळते आणि थांबते. ते बघून कुणीतरी जिप्सी-एस्टीममधल्या जी१३ इंजिनाचा अॅल्युमिनियमचा ब्लॉक घेतो, हार्डवेअरच्या दुकानातून साधं सिमेंट आणतो आणि डेकपर्यंत, म्हणजे हेड बसतं त्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, ओततो. मिस्त्री म्हणतो, "हो जाएगा भिया."

आता बिघाडाचा क्रम बघा. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. अॅल्युमिनियमला लागलं की रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि भिंतीलगत बुडबुड्यांची पोकळ जाळी तयार होते. जिथे आधार हवा होता नेमकी तीच जागा रिकामी राहते. वर साधं सिमेंट वाळताना आकसतं, म्हणजे आणखी फट. जॅकेट आधी घासलेलं नसतं, त्यामुळे खाराच्या थराला ते धरतच नाही. ओतताना मेन कॅप कसलेल्या नसतात, डेकवर टॉर्क प्लेट (हेडऐवजी कसायची जाड प्लेट) नसते, आणि दोन दिवसांत ब्लॉक बोअरिंगला जातो.

गाडी सुरू होते, बायपासवर दहा मिनिटं छान पळते. मग धामनोद-खलघाटकडून परत येताना भेरूघाटाची चढण लागते. पाण्याचा काटा ९० वर स्थिर असतो, कारण पाणी आता फक्त हेडमध्ये फिरतंय आणि सेन्सरही तिथेच आहे. सिलिंडरची उष्णता जाते ती सगळी ऑइलमध्ये. ऑइल टेंपरेचरचं मीटर लावलेलं नसतं, त्यामुळे ऑइल १४० अंशांवर गेलंय हे कुणाला कळत नाही. ऑइल पातळ होतं, पिस्टन फुगतो, आणि पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार कोपऱ्यांत घासल्याचे पट्टे उठतात. उघडल्यावर निदान होतं: "ब्लॉक कमजोर होता, आणखी भरायला हवा होता." हे निदान ऐकलं की संताप येतो, कारण पुढचा ब्लॉकही त्याच वाटेने जाणार असतो.

भरायचंच असेल तर इंजिन ब्लॉकसाठी बनवलेलं ग्राउट घ्या, आणि अॅल्युमिनियमसाठी त्याच्या उत्पादकाने स्पष्ट होकार दिलेला असेल तरच वापरा. उंची वॉटर पंपाच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे जॅकेटचा साधारण खालचा तिसरा हिस्सा. वरचा भाग सर्वांत गरम, तिथे पाणी फिरलंच पाहिजे. आधी जॅकेट धातू दिसेपर्यंत साफ करा. बिडाला कॉस्टिकची टाकी चालते, अॅल्युमिनियमचा ब्लॉक तिच्यात कधीच बुडवू नका, कॉस्टिक धातूच खातं. मेन कॅप आणि टॉर्क प्लेट पूर्ण टॉर्कला कसा, ब्लॉक लेव्हलवर ठेवा, ओतताना रबरी हातोडीने ठोकत राहा म्हणजे हवा निघेल. मग आठवडाभर हात लावायचा नाही. ज्यांना आठवडा थांबवत नाही त्यांनी या कामात पडू नये. थोडं जरी भरलं तरी ऑइल कूलर आणि ऑइल टेंपरेचरचं मीटर हवंच.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किमी ट्रॅकवर २०० च्या वेगाने एक फेरी मारायला सुमारे ३ मिनिटं २३ सेकंद लागतात. इतका वेळ सलग भार असेल तर मी ब्लॉक अजिबात भरत नाही.

आधी होनिंग, नंतर मजबुती

होनिंग म्हणजे बोअर शेवटी घासून मापात आणणं. ते आधी उरकणं ही तिसरी चूक, आणि चांगली मशीनशॉपवाली माणसंसुद्धा ती करतात. ब्लॉकवर केलेलं मजबुतीचं प्रत्येक काम बोअरचा आकार बदलतं. हेड कसलं की स्टडजवळची भिंत ओढली जाते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण डायल बोअर गेज ०.०२-०.०३ मिमी, म्हणजे साधारण एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), लंबगोल दाखवतं. पिस्टनला भिंतीपासून एकूण सात-आठ शतांश मिमी जागा असताना हा फरक मोठा आहे. रिंग पूर्ण गोलाईत टेकत नाही, क्रँककेसमध्ये गॅस जातो, ऑइल जळतं. मालक रिंग बदलतो, पुन्हा तेच.

होंडाच्या जुन्या डी मालिकेसारख्या ओपन डेक ब्लॉकमध्ये हे सर्वांत वाईट होतं. तिथे सिलिंडरची वरची कड चहूबाजूंनी मोकळी असते, म्हणून लोक ब्लॉक गार्ड, म्हणजे जॅकेटच्या तोंडात बसणारं कडं, विकत घेतात आणि होन झालेल्या ब्लॉकमध्ये हातोडीने ठोकतात. कडं जिथे घट्ट बसतं तिथे बोअर आत दाबला जातो. शिवाय त्याची पाण्याची छिद्रं हेड गॅसकेटच्या छिद्रांशी जुळवलेली नसली तर गरम भागातलं पाणीच अडतं. मग एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा गॅसकेट उडवतो. अशा वेळी जुन्या गॅसकेटची फायर रिंग (सिलिंडरभोवतीची धातूची कड) नीट बघा: जोराच्या बाजूला चकचकीत घासलेली चंद्रकोर असेल तर सिलिंडर वरून हलतोय. तिथे नवी गॅसकेट टाकून उपयोग नाही, ओपन डेकला फ्लँजचे लायनर (वर कड असलेल्या, सिलिंडरची नवी भिंत होणाऱ्या नळ्या) लागतील.

माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी घाईसाठी मोडत नाही. धुणं, तडा तपासणं, जाडी मोजणं. नंतर भरणं, लायनर किंवा गार्ड, जे काही जोडायचं ते. मग मेन स्टड आणि लाइन होनिंग (क्रँकची भोकं एका रेषेत, गोल करणं). मग बोअरिंग, डेकची फेसिंग, आणि शेवटी टॉर्क प्लेट लावून होनिंग. प्लेट ५० मिमी जाड, तेच स्टड, त्याच प्रकारची गॅसकेट, तोच टॉर्क, आणि खाली मेन कॅपही कसलेल्या. शहरात टॉर्क प्लेट नसेल तर जुनं हेड कापून चालवू नका. प्लेट बनवून घ्या, खर्च एका पिस्टन सेटपेक्षा कमी येतो.

मेन स्टडचंही तेच. मूळ बोल्ट काढून एआरपी कंपनीचे स्टड लावले की कसण्याचा जोर बदलतो, मेन बोअर लंबगोल होतो. लाइन होनिंग न करता बेअरिंग टाकलं तर पहिल्याच ड्रेनला ऑइलमध्ये चमक दिसेल.

लायनर

अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने फुगतं. बाहेरून ८० मिमी असलेला बिडाचा लायनर ०.०६ मिमी घट्ट बसवला आणि दोन्ही ८० अंशांनी तापले, तर कागदावर फरक ०.०७ मिमीच्या पुढे जातो, म्हणजे पकड संपली. प्रत्यक्षात लायनर जास्त गरम असतो म्हणून थोडी उरते, पण खाली पायरी किंवा वर फ्लँज नसलेला लायनर बूस्टखाली सरकतोच. बसवताना ब्लॉक भट्टीत १५०-१८० अंशांवर एकसारखा तापवा, गॅसच्या टॉर्चने नको. लायनर डीप फ्रीझमधून काढून एका दमात सोडा, आणि थंड होईपर्यंत वरून दाबून धरा. निवताना तो किंचित वर उचलतो, खाली पायरीवर फट राहते, आणि महिन्याभराने लायनर खाली बसला की गॅसकेट जाते. डेकची फेसिंग नेहमी लायनरनंतर.

हेड स्टड

टॉर्क रेंचवर दिसतो तो आकडा बहुतांशी घर्षणात जातो, स्टड ताणायला जेमतेम १०-१५ टक्के उरतात. म्हणून वंगण बदललं की ताण बदलतो. स्टडसोबत आलेलं वंगण, त्याच्याच कागदावरचा आकडा, बस. दाते साफ करायला थ्रेड चेसर वापरा, टॅप फिरवला तर धातू कापला जातो. बंद तोंडाच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर स्टड आत जाताना त्याचा दाब भोकाच्या बुडाला तडा देतो. आधी भोकं हवेने कोरडी करा. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच टेकवायचा, टॉर्क फक्त नटला.

एमएलएस (पोलादाच्या अनेक पातळ थरांच्या) गॅसकेटला डेक Ra ०.८ मायक्रॉनच्या आसपास गुळगुळीत आणि पूर्ण लांबीत ०.०५ मिमीच्या आत सपाट लागतो. सँडपेपर आणि काचेवर घासून हे होत नाही. दोन गॅसकेट एकावर एक लावू नका. सीलंट लावू नका.

ब्लॉकच्या माथी मारले जाणारे दोष

फक्त बूस्टमध्ये पाणी बाटलीत फेकलं जातं, एरवी सगळं ठीक, कंप्रेशन टेस्टही पास: हेड उचलतंय. रेडिएटरच्या होजला प्रेशर गेज जोडून एक खेच मारा. बूस्टबरोबर काटा उडी मारून चढला की खात्री झाली.

पिस्टनच्या रिंग लँड (रिंगच्या खाचांमधल्या कडा) तुटल्या, बोअर ओरखडला: आधी रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) मोजा. टर्बोला वरच्या रिंगला बोअरच्या ०.००६ पट, म्हणजे ७४ मिमीला ०.४४ मिमी, आणि दुसरीला किंचित जास्त. पाकिटातून काढून तशीच बसवलेली रिंग तापल्यावर टोकाला टोक भिडते. २६१८ मिश्रधातूच्या फोर्ज्ड पिस्टनला ०.०९ मिमीच्या आसपास जागा लागते, ४०३२ ला त्याहून कमी. थंडीत २६१८ टकटक करतो म्हणून जागा कमी करू नका.

ऑक्टाव्हियातल्या ईए८८८ इंजिनासारखा बिडाचा क्लोज्ड डेक ब्लॉक तडकला तर नव्वद टक्के शंका नॉकिंगवर घ्या. इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे, बाहेरचा दाब ०.९५ बारच्या जवळ. मेच्या ४० अंशांत १.५ बार बूस्ट मागितला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आधी हवा १८० अंशांच्या आसपास असते. इंटरकूलर छोटा ठेवून ब्लॉकवर पैसे घालणं व्यर्थ. पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आलंय, जुना मॅप (इंधनाचं सेटिंग) तसाच ठेवला तर पूर्ण बूस्टला मिश्रण पातळ होतं, तेही बघा.

बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. माळव्यातलं हे पाणी कठीण असतं, त्याचा खार नेमका सिलिंडरच्या वरच्या गरम भागाला धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मंनिम्म.

पहिले ५०० किमी बूस्ट ०.५ बारच्या वर नेऊ नका, सिंथेटिक ऑइल नको. ३० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर ऑइल काढा, फिल्टर कापून घडी उलगडा. चुंबकाला चिकटणारी पूड थोडी असेल तर ती होनिंगची आणि रिंगची. न चिकटणारी चमक दुसऱ्या वेळीही दिसली तर ती बेअरिंगची किंवा पिस्टनची, गाडी तिथेच थांबवून ऑइलचं खालचं भांडं (संप) खोला.